दोन बोटांचा सपोर्ट

— नाही, माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. तुमच्या डोक्यामागेच उभा होतो, हात बारच्या खाली वीतभर अंतरावर तयार होते, आणि तरी लावले नाहीत. मुद्दाम नाही लावले. बसा हो साहेब, आधी घोटभर पाणी प्या, मग भांडा माझ्याशी — दुपारचं कोणी नसतं इथं, आवाज चढवलात तरी चालेल. दोन वेळा तुम्ही स्वतः उचललंत, तिसऱ्या वेळी बार अर्ध्यावर येऊन अडला, तेव्हा तुम्ही ओरडलात, सपोर्ट, सपोर्ट. ऐकलं मी. बहिरा नाही. बार खाली यायला लागला तसा दोन्ही हातांनी धरला आणि रॅकवर नेऊन ठेवला. मध्ये किती वेळ गेला? दोन सेकंद. तुम्हाला तेवढ्यात सगळे देव आठवले असतील — छातीवर पासष्ट किलो आले की आठवतातच — पण अंगावर पडू दिला का? नाही ना. मग झालं तर.

काय म्हणता? आधीच्या जिममध्ये पंचाहत्तर मारत होतात? आणि इथं आल्यापासून तीन महिने पासष्टच्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणजे दोष आमच्या बारचा. असेल बुवा, आमचा बार जरा हट्टीच आहे. बरं, एक सांगा, तिथं तुमच्या डोक्यामागे कोण उभं असायचं? ट्रेनर. आणि तो काय म्हणायचा? थांबा, मीच सांगतो — 'सगळं तुमचंच सर, मी नुसतं बोट लावलं.' हसलात, म्हणजे बरोबर आहे. प्रत्येक जिममध्ये हे वाक्य रोज पन्नास वेळा म्हटलं जातं. त्या बोटात दहा किलो असतात साहेब. तुमचं पंचाहत्तर कधी नव्हतंच — पासष्ट तुमचं होतं आणि वरचे दहा त्याचे. वाईट वाटलं? वाटू द्या, दोन दिवस वाटेल. ती भिंतीवरची पाटी वाचलीत की नाही? 'इथे सपोर्ट मिळणार नाही. बार अडला तर पूर्ण उचलून घेतला जाईल.' माझंच अक्षर आहे. लोक टिंगल करतात, मागून मला बिनबोटवाला म्हणतात, माहितीय मला. म्हणू देत. एक तर हात लावायचा नाही, नाही तर सगळं वजन आपण घ्यायचं — मधलं काही नाही. मधलं जे असतं ना, ते फार वाईट.

आणि अडलंय म्हणून एवढं तोंड पाडायचं काही कारण नाही. सगळ्यांचं अडतं. पहिलं वर्ष वजन भराभर चढतं, माणसाला वाटतं असंच आभाळापर्यंत जाणार, आणि मग एक दिवस थांबतं. महिना जातो, दोन जातात, आकडा तोच. तुम्ही त्यावर काय केलंत? आठवड्यातून दोनदा बेंच करत होतात ते चारदा सुरू केलंत — सांगू नका, मला दिसतंय, खांदा चोळता तुम्ही दार उघडताना. झोप किती? पाच तास. दुपारचं जेवण कॉम्प्युटरसमोर उभ्या उभ्या. मग अडणार नाही तर काय होणार. मी सांगतो ते करा, सोपं आहे, फक्त लाज सोडावी लागते. आठवडाभर पंचेचाळीसवर या. हो, पंचेचाळीस. जे उचलत नाहीय ते आधी हलकं करून उचलायचं — पण पूर्ण, स्वच्छ, छातीला लावून वरपर्यंत, कोणाचंही बोट न लागता. मग हळूहळू चढायचं, सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा लावून. दीड महिन्यात पासष्ट ओलांडाल, लिहून देतो. अडणं हा आजार नाही. अडणं वेगळं आणि उतरणं वेगळं. अडलेल्याला वेळ द्यायचा असतो, उतरणाऱ्याला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि दोन्हींतला फरक कळायला आकडा खरा लागतो. खोट्या आकड्यावरून काय कळणार? काही नाही. आमच्या घरात नाही कळला. म्हणजे — कळला होता. जाऊ द्या ते.

नाही हो, काही नाही. घाम पुसा तुम्ही. तो टॉवेल नको, तो तिचा — तो राहू दे तिथंच. हा घ्या.

बायकोचा. येते कसली, यायची. दोन वर्षं झाली बंद झाल्याला. शाळेत गणित शिकवायची, तीस वर्षं शिकवलं, अर्धं गाव तिला बाई म्हणतं आणि मला बाईंचे मिस्टर. जिम मी चालवतो चोवीस वर्षं, आणि ह्यातली वीस वर्षं तिनं इथं पाऊल टाकलं नाही — म्हणायची, लोखंडाचा वास येतो. मग पन्नाशीला आली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा एक दिवस शाळेतून परस्पर इथं, साडीवर, हातात वह्यांचा गठ्ठा. म्हणाली, अहो, मला काहीतरी उचलायला द्या. दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस घालून यायला लागली. दुपारी, याच वेळेला, जिम रिकामी असते म्हणून. ह्याच बेंचवर. रिकामा बार वीस किलोचा, तो पहिल्या दिवशी हलला नाही तर मला म्हणते, तुमचा बार चुकीचा आहे. वीसवरून तीस, तीसवरून चाळीस — दीड वर्षात. चाळीस किलो, बावन्न वर्षांची बाई! शाळेत सांगायची. शिक्षकांच्या खोलीत दंड दाखवायची. मला इतका आनंद कधी झाला नव्हता साहेब, खरं सांगतो. बावीस वर्षं मी लोकांना उचलायला शिकवलं, पण घरी जाऊन सांगायचं कोणाला? तिला आकडे कळायचे, लोखंड नाही. आता जेवताना लोखंडावर बोलणं व्हायचं. किती खाली घेतलं, कोपर कुठं गेलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर आम्हाला बोलायला विषय मिळाला.

आणि मग चाळीसवर अडली. मी म्हटलं, अडू दे, होतं असं. तुम्हाला सांगितलं तेच सगळं केलं — झोप वाढवली, जेवण वाढवलं, पकड बदलून बघितली. शेवटी पूर्ण आठवडा सुट्टी दिली. आता बघा हां, आठवडाभराच्या विश्रांतीनंतर काय होतं? माणूस ताजा होऊन येतो, वजन चढतं, निदान तेवढंच राहतं. सुट्टीनंतर ती आली आणि चाळीस उचललं गेलं नाही. अडतीसही नाही. छत्तीसला हात थरथरले. विश्रांतीनंतर कमी होत नाही साहेब, ते अडणं नव्हे. मला तिथंच कळलं पाहिजे होतं. आता काय लपवायचं, कळलंच होतं. पण ती उठून बसली आणि तिचा चेहरा — शाळेतल्या हुशार मुलीला पहिल्यांदा कमी मार्क पडल्यावर होतो ना, तसा. मला म्हणाली, म्हातारी झाले का हो मी? मी म्हटलं, छट्, आडवी हो आणि परत मार. चाळीस लावलं. आणि बार अडला तशी ही दोन बोटं लावली. ही दोन. बार वर गेला. तिनं विचारलं, तुम्ही उचललं का? मी म्हटलं, सगळं तुझंच, मी नुसतं बोट लावलं.

काय सांगू तुम्हाला, ती हसली. तेवढ्यासाठी केलं. त्यानंतर रोज.

बेंचवर झोपलेल्या माणसाला डोक्यामागे उभ्या असलेल्याचा चेहरा उलटा दिसतो, माहितीय ना तुम्हाला? आता तुम्हाला मी तसाच दिसत होतो, हनुवटी वर, कपाळ खाली. मला वाटायचं, उलट्या चेहऱ्यावरचं खोटं कळत नसणार. पहिल्या आठवड्यात बोटांवर चार किलो यायचे. ही बोटं तराजू आहेत, ह्यांना पाव किलोचा फरक कळतो. मग मी वजन वाढवायला लागलो — अडीच किलो, आणखी अडीच — कारण नुसतं चाळीसच उचलत राहिली तर ती विचारणार, वाढत का नाही? साडेबेचाळीस, पंचेचाळीस. तिच्या वहीत आकडा चढत होता आणि माझ्या बोटांवर त्याहून जोरात चढत होता. सहा किलो. दहा. दोनाची चार बोटं झाली, चाराचा तळवा झाला. वजन उचलताना आवाजात जोर येतो, श्वास फुलतो, म्हणून मी बार वर नेताना मुद्दाम इकडचं तिकडचं बोलायचो — गॅस संपत आलाय, तुझ्या बहिणीचा फोन आला होता — अगदी सहज आवाजात, आणि इकडे पंधरा किलो धरलेले. बावीस वर्षांची विद्या होती, ती मी ह्यात घातली. पन्नास झाले त्या दिवशी तिनं शाळेत जाहीर केलं, टाळ्या वाजल्या म्हणे. त्या पन्नासात तिचे तीस होते आणि वीस माझे.

हो, त्याआधीच तिच्या हातातून खडू पडायला लागला होता. फळ्यावरच्या वरच्या ओळीत लिहिता येईना. ब्लाऊजचं बटण लागेना, मला हाक मारायची. म्हणून मीच म्हटलं डॉक्टरांना दाखवू. दाखवलं तरी, हे लक्षात घ्या — नेलं नाही असं नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर, चांगला माणूस. गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं दाबून बघितली, आणि विचारलं, बाई, हातातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते का? सरळ प्रश्न. ती काय म्हणाली? म्हणाली, उलट वाढलीय. चाळीसवर अडले होते, आता साडेसत्तेचाळीस मारते. पर्समधून वही काढून दाखवली. डॉक्टर हसले, म्हणाले, माझ्यापेक्षा तुमची ताकद जास्त आहे, व्यायामानं खांदा दुखावला असेल, गोळ्या देतो, सहा महिन्यांनी या. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. एवढ्या अंतरावर, तुमच्या-माझ्यात आहे तेवढ्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय मास्तर, बरोबर ना? आणि मी — मी खिशातून जिमचं कार्ड काढून त्यांना दिलं. म्हटलं, तुम्हीपण या कधी.

एक वाक्य होतं. ते आकडे खोटे आहेत डॉक्टर, त्यातले पंधरा-सोळा किलो मी उचलतोय. एवढंच म्हणायचं होतं. तिच्यासमोर म्हणवलं नाही.

पुढे? पुढे पाच महिने गेले. एक दिवस खाली टेम्पो आला होता, नवीन डंबेल उतरवायचे होते, मी तिला म्हटलं, थांब, आलोच. दहा मिनिटं गेली असतील. जिना चढून वर आलो तर ती ह्या बेंचवर झोपलेली आणि बार छातीवर. चाळीस किलो, स्वतः प्लेटा लावून. ओरडली नव्हती. दोन्ही हात बारवर, डोळे उघडे, छताकडे बघत हळू हळू श्वास घेत होती. किती वेळ तशी होती, देव जाणे. मी बार उचलून फेकलाच, ती लादी फुटलीय ना तिथं, ती त्या दिवशीची. ती उठून बसली, केस नीट केले, आणि एवढंच म्हणाली, आज जमलं नाही. मी काय म्हणावं? मी म्हटलं, झोप झाली नसेल तुझी. तेव्हासुद्धा, साहेब. छातीवर बारचा लाल वळ उठला होता तिच्या आणि मी म्हणतोय, झोप झाली नसेल.

गणिताच्या बाई त्या. आयुष्यभर मुलांना सांगितलं, उत्तर आलं की ताळा करून बघा. ताळा करायला गेली होती ती, दुसरं काय. पन्नास उचलणाऱ्या बाईला चाळीस का उचलत नाही, हे काढायला तिला किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं होती तिच्याकडे. पण त्यावर एक शब्द काढला नाही. त्या रात्री नाही, पुढे नाही. मोठ्या डॉक्टरांकडे तिनंच नंबर लावला. तिथं त्यांनी विचारलं तर म्हणाली, ताकद साताठ महिन्यांपासून जातेय. मग ते बोटांचं खोटं मी एकट्यानं नाही, आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं का? मला माहीत नाही. नसांचा आजार आहे, नाव मोठं आहे, त्यावर बरं होणं नाही. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, बरं झालं नसतं, औषधानं वेग थोडा कमी झाला असता. थोडा म्हणजे किती? तर म्हणाले, दोन महिने, तीन महिने, सांगता येत नाही. तेव्हा मला वाटलं, तीन महिन्यांनी काय होतं. आता कळतंय. आधी हात गेले, मग पाय, आता बोलणं चाललंय. काय बोलते ते मला आणि तिच्या बहिणीलाच कळतं. डॉक्टर म्हणतात, आणखी काही आठवडे. त्या तीन महिन्यांत ती बोलली असती, साहेब. अजून तीन महिने अहो म्हणाली असती.

गेल्या पंधरवड्यात काय झालं, पाणी देत होतो. पेला तिच्या हातात देतो मी, बोटं वळवून बसवतो, आणि कोपराखाली हात धरून तोंडाशी नेतो — तिला तसंच आवडतं, दुसऱ्यानं पाजलेलं नाही आवडत. प्यायली. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, सगळं तुझंच. ती हसली. कितीतरी महिन्यांनी. आणि मग म्हणाली, शब्द शब्द सुटा करून म्हणाली, तेव्हापण असंच म्हणायचात. आणि माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलं की बाई थांबायच्या ना, हातात खडू घेऊन, तशी थांबली. मी काय केलं? पेला धुवायला आत गेलो. एक पेला धुवायला मला पाव तास लागला. बाहेर आलो तर डोळे मिटून पडली होती.

आज बारा दिवस झाले. रोज पेला धुतोय.

आता तुम्ही म्हणाल, तिला सगळं माहितीय, मग सांगायचं काय राहिलं? मीपण हेच म्हणत होतो. पण ती वाट बघतेय हो. मी हात लावला होता, एवढंच ऐकायचंय तिला, आणि त्यावर तिला काहीतरी म्हणायचंय, ते तिला म्हणता येतंय तोवर मी सांगितलं पाहिजे. शिवी देईल कदाचित. देऊ दे, तिच्या आवाजात देऊ दे. रोज घरचा जिना चढताना ठरवतो, आज. आत जातो, सकाळभर तिच्यापाशी बसलेल्या बहिणीला निरोप देतो, खुर्ची ओढून बसतो, आणि अडतो. छातीवरून अर्ध्यावर येतं आणि अडतं.

का सांगितलं तुम्हाला? तुमचा राग घालवायला म्हणून सुरू केलं होतं, शप्पथ. पण मघाशी मीच तुम्हाला म्हटलं ना, जे उचलत नाहीय ते आधी हलकं करून उचलायचं. तुम्ही माझं हलकं वजन. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला सांगून झालं, मध्ये दोनदा थरथरलं, पण पूर्ण गेलं वर. म्हणजे जमतं. आता त्याच्या वरचं लावायचं.

काय? — तुम्ही येता? घरापर्यंत? नको. मन चांगलं आहे तुमचं, तीन महिन्यांत आज कळलं, पण नको. नका बोट लावू ह्याला. एकट्यानं होतंय का बघतो. उठा आता, एक वाजायला आला, तिची बहीण दाराशी पिशवी घेऊन उभी असेल. तुमच्या प्लेटा तुम्हीच काढा, आधी डावीकडची एक, मग उजवीकडची, नाहीतर बार उलटेल. उद्या पंचेचाळीस लावू. जाताना तेवढा पंखा बंद करा.